दहा वर्षांचा व्यवहारांचा डेटा हाताशी आहे. खरेदी आणि मालसाठ्याचे निर्णय त्यातून खरोखर सुधारतील का?

प्रश्न : सुटेभाग_वितरण

नमस्कार. आमची कंपनी यंत्रांच्या सुट्या भागांचे वितरण करते. एक मध्यवर्ती गोदाम, काही विभागीय गोदामे आणि हजारो प्रकारचे भाग असा आमचा पसारा आहे. ग्राहकांमध्ये कारखाने, दुरुस्तीची कामे घेणारे कंत्राटदार आणि किरकोळ विक्रेते असे सगळेच येतात. गेल्या दहा वर्षांच्या बिलांच्या नोंदी आमच्याकडे आहेत आणि त्यांत रोज साधारण ५०,००० ओळींची भर पडते. खरेदीचे सॉफ्टवेअर वेगळे, गोदामाचे वेगळे, चौकशा आणि तक्रारी तिसऱ्याच ठिकाणी, शिवाय विक्री प्रतिनिधींच्या स्वतःच्या एक्सेल फाइली, अशी ही माहिती विखुरलेली आहे. दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येक विभाग आपापला आकडा घेऊन येतो आणि बैठकीचा निम्मा वेळ कोणाचा आकडा बरोबर, हे ठरवण्यात जातो.

आमची मूळ अडचण जुनीच आहे. जे भाग फारसे खपत नाहीत त्यांनी गोदामाची जागा आणि भांडवल अडवले आहे, आणि जो भाग ग्राहकाला आज हवा असतो तो बरेचदा शिल्लक नसतो. खरेदीचे निर्णय अनुभवी अधिकारी घेतात. त्यांचा अंदाज अनेकदा अचूक असतो, पण तो कशावर आधारलेला आहे हे नव्या माणसाला सांगता येत नाही, आणि ते निवृत्त झाल्यावर काय करायचे याचे उत्तर कोणाकडेच नाही.

एका पुरवठादार कंपनीने आमच्यापुढे मोठा प्रस्ताव ठेवला आहे. सर्व डेटा क्लाउडवरील एका डेटा लेकमध्ये (सगळ्या प्रकारचा डेटा मूळ स्वरूपात ठेवण्याच्या सामायिक साठ्यात) आणायचा, त्यावर विश्लेषणाची यंत्रणा उभारायची आणि व्यवस्थापनाला डॅशबोर्ड (मुख्य आकडे एका पडद्यावर दाखवणारे फलक) द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रस्तावात तंत्रज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले आहे. आमचा कोणता निर्णय कसा बदलेल, याविषयी मात्र फारच थोडे आहे. ज्यांनी अशी यंत्रणा उभारली किंवा वापरली आहे त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे, की आमच्या आकाराच्या व्यवसायाला एवढ्या मोठ्या साठवणुकीची गरज असते का, सुरुवात कोठून करावी, आणि खर्च सार्थकी लागला की नाही हे प्रामाणिकपणे कसे तपासावे.

उत्तर : साठवण_अभियंता

आपण दिलेल्या आकड्यांवरून आधी आकारमानाचा हिशेब करून पाहू, कारण प्रस्तावाचा बराचसा खर्च त्यावरच ठरतो. रोज ५०,००० ओळी, वर्षाचे ३०० कामाचे दिवस आणि दहा वर्षे धरली तर एकूण १५ कोटी ओळी होतात. एका ओळीला २०० बाइट लागतात असे मानले तर सगळा मिळून ३० गिगाबाइटच्या आसपास डेटा होतो. स्तंभनिहाय साठवणाऱ्या पार्केसारख्या फाइलींमध्ये तो दाबून ठेवला की त्याहूनही बराच कमी. एवढा डेटा आजच्या एका साध्या सर्व्हरवरच काय, चांगल्या लॅपटॉपवरही हाताळता येतो.

मोठ्या साठवणुकीची जी साधने आज प्रचलित आहेत, ती मुळात वेगळ्याच प्रमाणावरच्या प्रश्नासाठी जन्मली. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टमविषयी आणि २००४ मध्ये अनेक यंत्रांवर काम वाटून करण्याच्या मॅपरिड्यूस या पद्धतीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे संपूर्ण वेबची अनुक्रमणिका तयार करण्याचे काम होते. त्या कल्पनांवरून २००६ मध्ये हडूप हे सॉफ्टवेअर आकाराला आले. त्यात फाइलीचे सामान्यतः १२८ मेगाबाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात, कारण हजारो यंत्रांपैकी काही रोज बंद पडणारच, हे तेथे गृहीत धरलेले असते. आपल्या बिलांच्या नोंदींना अशा व्यवस्थेची गरज नाही. उद्या आपण ग्राहकांच्या यंत्रांवर संवेदक बसवून त्यांची देखभालही करायचे ठरवले, आणि १०,००० यंत्रांकडून दर सेकंदाला एक नोंद येऊ लागली, तर दिवसाला ८६ कोटींहून अधिक नोंदी होतील. तेव्हा हा विचार अवश्य करावा, पण तो त्या वेळी.

तरीही स्वतंत्र डेटा वेअरहाऊस, म्हणजे फक्त विश्लेषणासाठी वेगळा ठेवलेला डेटाबेस, हवे, हे माझे ठाम मत आहे. एकेक बिल लिहून घेणे आणि दहा वर्षांच्या बिलांची बेरीज करणे ही दोन निराळी कामे आहेत. रोजच्या व्यवहाराचा डेटाबेस पहिल्या कामासाठी बांधलेला असतो आणि एका नोंदीचे सगळे रकाने एकत्र ठेवतो. विश्लेषणात चाळीस रकान्यांपैकी तीन-चारच लागतात, म्हणून तेथे प्रत्येक रकाना स्वतंत्र साठवणारी रचना कित्येक पटींनी जलद चालते. चालू व्यवहारांच्या डेटाबेसवर जड क्वेरी (डेटाला विचारलेले प्रश्न) चालवल्या, तर बिलांच्या खिडकीवर ग्राहक ताटकळतात, हा वेगळाच तोटा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. डेटा किती आहे यापेक्षा तो किती पुसला जात आहे, हे आधी पाहा. व्यवहाराच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फक्त सद्यस्थिती असते. ग्राहकाचा विभाग बदलला की जुना विभाग पुसला जातो आणि त्याची जुनी विक्रीही नव्या विभागाच्या नावावर दिसू लागते. आजचा शिल्लक साठा दिसतो. मागच्या वर्षीच्या एखाद्या दिवशी तो भाग शिल्लक होता की नव्हता, हे सापडत नाही. सर्वांत घातक प्रकार खरेदीच्या ऑर्डरमध्ये घडतो. पुरवठादाराने माल उशिरा देणार असे कळवले, की कर्मचारी अपेक्षित तारखेच्या रकान्यात नवी तारीख भरतो. जुनी तारीख गेली, माल नव्या तारखेला आला, आणि अहवालात तो पुरवठादार अगदी वक्तशीर ठरला. या अहवालावरून ज्याने पुरवठादार निवडला, तो डेटाच्या आधारे चुकीचा निर्णय घेतो आणि आपण शास्त्रशुद्ध वागलो असे समजतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक गोदामातील प्रत्येक भागाची शिल्लक रोज रात्री तारखेसह वेगळी नोंदवून ठेवा. ग्राहक, पुरवठादार, किंमत आणि अपेक्षित तारीख यांतील प्रत्येक बदल जुन्या नोंदीवर न लिहिता ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशा दोन तारखांसह नवी ओळ म्हणून ठेवा. डेटा वेअरहाऊसच्या रचनेतील तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेल्या पद्धतींपैकी ही एक आहे आणि आपल्या कामाला ती तंतोतंत लागू पडते. त्यांचा मार्ग एकेका व्यवहाराचे तक्ते आधी बांधून, भाग, ग्राहक आणि तारीख यांच्या सामायिक याद्यांनी ते जोडत जाण्याचा आहे. त्याच क्षेत्रातील दुसरे तज्ज्ञ बिल इनमन यांचा मार्ग संपूर्ण संस्थेची एकसंध रचना आधी उभारण्याचा आहे. आपल्यासाठी पहिला मार्ग मला योग्य वाटतो, कारण काही महिन्यांतच एखादा निर्णय त्यावर घेऊन पाहता येतो.

निर्णय कोणता ते आधी ठरवा आणि मगच डेटा गोळा करा, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. यंत्रणा उभारण्याबाबत तो योग्य आहे, पण नोंदी जपण्याबाबत मी तो मान्य करत नाही. जी नोंद आज रात्री पुसली जाणार आहे, ती उद्या कितीही पैसे देऊन मिळत नाही, आणि ती ठेवायला लागणारी जागा मात्र अत्यंत स्वस्त असते. प्रस्तावावर सही व्हायची तेव्हा होईल. रात्रीची शिल्लक साठवायला या आठवड्यातच सुरुवात करा.

उत्तर : मागणी_नियोजन

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात निर्णयाच्या बाजूने भर घालतो, कारण सुट्या भागांचा व्यवसाय इतर वस्तूंहून फार वेगळा वागतो.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडे विक्रीच्या नोंदी आहेत, मागणीच्या नाहीत. ज्या दिवशी भाग शिल्लक नव्हता त्या दिवशी विक्री शून्य दिसते, आणि अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर त्या शून्याचा अर्थ ‘कोणालाच नको होता’ असा घेते. त्यामुळे ते पुढच्या वेळी कमी मागवायला सांगते, साठा आणखी लवकर संपतो, शून्ये वाढतात आणि खरोखर खपणारा भाग कागदावर मरत जातो. दहा वर्षांचा डेटा असला तरी हा दोष दूर होत नाही. उलट तो अधिक ठामपणे सिद्ध झाल्यासारखा दिसतो. रोजच्या शिल्लकीची नोंद असेल तर साठा संपलेले दिवस हिशेबातून वेगळे काढता येतात. त्याहून चांगले म्हणजे, ग्राहकाने विचारलेला पण देता न आलेला भाग नोंदवण्याची सोय काउंटरवर आणि फोनवर करावी. आपल्या चौकशांचे जे सॉफ्टवेअर तिसऱ्याच ठिकाणी आहे, त्याची खरी किंमत येथे आहे. एका भागाऐवजी दुसरा पर्यायी भाग दिला गेला असेल तर तीही नोंद हवी, नाहीतर पर्यायी भागाची मागणी फुगलेली दिसते.

दुसरी गोष्ट मागणीच्या स्वरूपाची. अनेक सुट्या भागांची मागणी महिनोन् महिने शून्य असते आणि मग एकदम चार नग जातात. अशा मागणीची नेहमीची सरासरी काढली तर ती कोणत्याच महिन्याचे खरे वर्णन करत नाही. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यावर एक साधी पद्धत सुचवली. मागणी आली तर किती नगांची येते आणि दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो, या दोन गोष्टींचा अंदाज तीत वेगवेगळा बांधतात. नंतरच्या संशोधकांनी तिच्यातला एकाच दिशेने चुकण्याचा झुकाव दाखवून दुरुस्त्याही सुचवल्या. ही पद्धत चालवायला मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक भागाच्या मागणीचा स्वच्छ इतिहास मात्र लागतो. अंदाज बांधणाऱ्या कोणत्याही नव्या प्रारूपाची (मॉडेलची) तुलना आधी या साध्या पद्धतीशी करून पाहण्याची अट आपण पुरवठादार कंपनीला घालावी. तिच्यापेक्षा स्पष्टपणे सरस नसलेल्या प्रारूपासाठी वेगळे पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची आहे. अंदाज म्हणजे निर्णय नव्हे. पुढच्या महिन्यात १२ नग लागतील, हा अंदाज झाला. किती मागवायचे हे त्यातून निघत नाही. नग कमी पडला तर किती नुकसान आणि उरला तर किती, या दोहोंचे प्रमाण ठरवल्याशिवाय उत्तर मिळत नाही. समजा, एक नग कमी पडल्याचे नुकसान एक नग उरल्याच्या नुकसानाच्या नऊपट आहे. मग नऊ भागिले दहा, म्हणजे ९० टक्के वेळा मागणी पुरी होईल एवढा साठा ठेवणे हिताचे ठरते. नुकसान दोन्हीकडे सारखे असेल तर ५० टक्के पुरेसे होतात. मालसाठ्याच्या शास्त्रात हे गणित जुने आणि पक्के आहे. म्हणून अंदाज एका आकड्यात न घेता शक्यतांच्या पट्ट्यात घ्यावा लागतो: १० नग पुरण्याची शक्यता किती, १५ पुरण्याची किती, २० पुरण्याची किती. प्रस्तावातील डॅशबोर्ड जर एकच आकडा दाखवणार असेल, तर तो खरेदी अधिकाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नाही.

नुकसानाचे हे प्रमाण कोणत्याही डेटाबेसमध्ये लिहिलेले नसते. ते आपल्या अनुभवी अधिकाऱ्यांच्या डोक्यात असते. ते निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्याकडून काढून घेण्यासारखी सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच आहे. कोणता भाग नसला तर ग्राहकाचे संपूर्ण यंत्र थांबते, कोणता चार दिवस उशिरा मिळाला तरी चालतो, हे त्यांच्याकडून प्रत्येक गटासाठी लिहून घ्या. उलाढालीच्या मूल्यावरून भागांची अ, ब, क अशी वर्गवारी बहुतेक ठिकाणी केलेली असते. तीत स्वस्तातले रबरी सील सर्वांत खालच्या वर्गात पडते, पण त्याच्यावाचून लाखमोलाचा पंप बंद राहतो आणि ग्राहक ते विसरत नाही.

आणखी एक सूचना करतो. मागणीच्या अंदाजावर सगळे लक्ष देतात आणि माल यायला लागणाऱ्या कालावधीकडे दुर्लक्ष होते. हा कालावधी कधी दोन आठवडे, कधी सात आठवडे असा हेलकावत असेल तर राखीव साठा त्याच्यामुळेच फुगतो, आणि मागणीचा अंदाज कितीही सुधारला तरी तो उतरत नाही. साठवण_अभियंता यांनी सांगितलेली पुसल्या जाणाऱ्या तारखेची गोष्ट येथे थेट पैशांत उतरते.

पुढील प्रश्न : सुटेभाग_वितरण

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्या तंत्रज्ञान विभागाकडे चौकशी केली. अपेक्षित तारीख खरोखरच पुसून नवी लिहिली जाते. रोजची शिल्लक साठवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आहे.

आता दोन शंका उरतात. खरेदी अधिकाऱ्यांना यंत्राने सुचवलेला आकडा बदलण्याची मुभा द्यावी, असे मला वाटते, पण व्यवस्थापनातील काहींचे मत आहे की तशी मुभा दिली तर सगळे पूर्वीसारखेच चालू राहील. दुसरी शंका मोजमापाची. ज्या दोन विभागीय गोदामांत सर्वाधिक तुटवडा आहे, तेथे नवी पद्धत आधी लागू करून फरक पाहावा, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : नमुना_आणि_शक्यता

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तेथे धोका मोठा आहे. सर्वांत वाईट कामगिरीची दोन गोदामे निवडली तर काहीही न करता पुढच्या तिमाहीत त्यांची स्थिती सुधारण्याची शक्यता बरीच असते. वाईट तिमाहीत खरी अडचण आणि निव्वळ योगायोग असे दोन्ही मिसळलेले असतात. योगायोगाचा भाग पुढच्या वेळी तसाच राहत नाही आणि आकडा सरासरीकडे परततो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हेच दाखवले होते. नवी पद्धत निरुपयोगी असली तरी आपल्या प्रयोगात ती यशस्वी दिसेल, आणि त्या यशावर विसंबून ती सर्वत्र लागू होईल.

त्याऐवजी भागांची विभागणी करा. सारख्या स्वभावाच्या भागांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतला एक भाग चिठ्ठी टाकून नव्या पद्धतीकडे द्या, दुसरा जुन्या पद्धतीवर ठेवा. निवड कोणाच्या पसंतीने होऊ नये. संगणकाने यादृच्छिक केलेली असावी. जे भाग एकमेकांना पर्याय म्हणून दिले जातात ते मात्र एकाच बाजूला ठेवावेत, नाहीतर एका बाजूचा तुटवडा दुसऱ्या बाजूची विक्री वाढवतो आणि तुलना बिघडते. हंगाम, बाजारातील मंदी, एखाद्या मोठ्या ग्राहकाचे जाणे, या सगळ्यांचा परिणाम दोन्ही बाजूंवर सारखा होतो, म्हणून उरलेला फरक बऱ्याच खात्रीने पद्धतीचा मानता येतो. किती काळ प्रयोग चालवायचा आणि कोणत्या फरकाला यश म्हणायचे हे आधी लिहून ठेवा. रोज आकडे पाहत राहून अनुकूल दिवशी प्रयोग थांबवला तर योगायोगच यश म्हणून नोंदवला जातो.

तज्ज्ञांच्या अंदाजाला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. कोणती कल्पना चालेल हे आधी ओळखणे सगळ्यांनाच कठीण जाते, हे सिद्ध झालेले आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रात २०१२ मध्ये जाहिरातीच्या मथळ्याच्या मांडणीतील एक छोटा बदल कित्येक महिने यादीत पडून होता, कारण तो कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. एका अभियंत्याने तो नियंत्रित प्रयोगात तपासला तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. याउलट गूगल आणि बिंगमध्ये प्रयोगातून तपासल्या जाणाऱ्या कल्पनांपैकी साधारण १० ते २० टक्केच उपयुक्त ठरतात, असे त्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी लिहिले आहे. उरलेल्या कल्पनाही कोणा हुशार माणसाला पटलेल्याच असतात.

डेटा प्रचंड असला म्हणजे ही काळजी घ्यावी लागत नाही, असा एक समज आहे. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणारी सेवा सुरू केली. तिच्यामागे अफाट डेटा होता. तरी २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज वैद्यकीय नोंदींच्या जवळपास दुप्पट निघाले आणि २०१५ मध्ये सेवा बंद झाली. लोक काय शोधतात हे साथीबरोबरच बातम्यांमुळे आणि शोधयंत्रातल्या बदलांमुळेही बदलते, आणि आकारमानाने तो दोष भरून निघत नाही.

पहिल्या शंकेविषयी माझे स्पष्ट मत आहे की मुभा द्यावी. सुचवलेला आकडा, अधिकाऱ्याने ठरवलेला आकडा आणि बदलाचे कारण, अशा तीन नोंदी मात्र अनिवार्य कराव्यात. कारणासाठी पाच-सहा पर्यायांची यादी द्यावी आणि मोकळे लिहायलाही जागा ठेवावी. काही महिन्यांनी दोन्ही आकड्यांची प्रत्यक्ष मागणीशी तुलना केली, की कोणत्या प्रकारच्या भागांत माणूस सरस आहे आणि कोणत्या प्रकारच्या भागांत यंत्र, हे दिसू लागते. बहुधा असे दिसते की ग्राहकाच्या कारखान्यात मोठी दुरुस्ती निघाली आहे, यासारखी डेटात नसलेली बातमी अधिकाऱ्याकडे असते तेव्हा त्याचा बदल अत्यंत उपयोगी ठरतो, आणि ‘थोडे जास्तच असू द्यावे’ म्हणून केलेले छोटे छोटे बदल साठा फुगवतात. पहिल्या प्रकारची बातमी नोंदवायला रकाना तयार करा आणि दुसऱ्या प्रकारचे बदल आकडे दाखवून कमी करा. आपल्या व्यवस्थापनाला जी भीती वाटते तिचे उत्तर या नोंदींत आहे. मुभा काढून घेतली तर अधिकारी यंत्रणेच्या बाहेर, फोनवरून ऑर्डर देऊ लागतील आणि तेव्हा नोंदही राहणार नाही.

उत्तर : हिशेबतपासणी

माझे काम वित्त विभागातले असल्यामुळे दोन मुद्दे त्या बाजूने मांडते.

आपल्या बैठकीतले भांडण साठवणुकीने मिटणार नाही. विक्री विभाग ऑर्डर आल्याच्या दिवशी विक्री धरतो, गोदाम माल निघाल्याच्या दिवशी आणि लेखा विभाग बिलाच्या तारखेला. परत आलेला माल मूळ महिन्यातून वजा करायचा की परत आल्याच्या महिन्यातून, यावरही एकमत नसते. तिघांचेही आकडे आपापल्या कामासाठी बरोबर असतात. सगळे एका डेटा लेकमध्ये ओतले तर तीन आकडे एका जागी दिसतील, एवढेच होईल. म्हणून प्रत्येक मोजमापाला स्वतंत्र नाव, लिखित व्याख्या आणि ती बदलण्याचा अधिकार असलेली एक जबाबदार व्यक्ती ठरवा. हे काम तंत्रज्ञान विभागावर सोपवू नका. ते वरिष्ठांनी एकत्र बसूनच करायचे आहे आणि त्यात मतभेद होणारच, पण ते एकदा झाले की पुढची प्रत्येक बैठक मोकळी होते.

दुसरा मुद्दा उत्तेजनाचा. खरेदी विभागाचे मूल्यमापन केवळ साठ्याच्या मूल्यावर होत असेल तर यंत्र काहीही सांगो, ते कमीच मागवतील. विक्री विभागाचे मूल्यमापन केवळ उपलब्धतेवर असेल तर ते जास्त मागवायला लावतील. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबाबत दाखवून दिले होते, की नियंत्रणासाठी ज्या आकड्याचा वापर सुरू होतो त्याचा पूर्वी दिसलेला संबंध टिकत नाही. आपल्या बाबतीत दोन्ही विभागांना तुटवडा आणि अडकलेले भांडवल हे दोन्ही आकडे सामायिक द्यावेत. अन्यथा चांगले विश्लेषण वाईट मूल्यमापनापुढे हरते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

साठवण_अभियंता यांना एक विचारायचे आहे. चौकशा आणि तक्रारींमध्ये लोकांची नावे व फोन नंबर असतात. काहीही पुसायचे नाही, असे धोरण ठेवले तर व्यक्तिगत माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, या तत्त्वाचे काय? युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला नियम तर ते स्पष्टच सांगतो, आणि इतरत्रही तशी बंधने येत आहेत.

उत्तर : साठवण_अभियंता

शंका अगदी योग्य आहे आणि तिचा विचार पहिल्या दिवशीच केला तर काम सोपे जाते. नाव, फोन नंबर, पत्ता अशी माहिती मुख्य इतिहासात कधीही लिहू नये. तेथे प्रत्येक व्यक्तीसाठी अर्थहीन असा एक क्रमांक ठेवावा, आणि क्रमांक कोणाचा हे सांगणारा तक्ता वेगळा, मोजक्या लोकांनाच उघडता येईल असा ठेवावा. मुदत संपली किंवा व्यक्तीने मागणी केली, की त्या तक्त्यातील ओळ नष्ट करायची. तक्रारीच्या मोकळ्या मजकुरातही नंबर लिहिलेले असतात. ते साठवण्यापूर्वीच गाळावे लागतात. क्रमांकाची जोडणी तुटली तरी एखाद्या ग्राहकाची खरेदी इतकी वेगळी असते की तो त्यावरून ओळखू येतो, म्हणून जुना तपशील ठरावीक काळानंतर महिनानिहाय बेरजेत रूपांतरित करावा. मागणीच्या अंदाजाला भाग, गोदाम आणि तारीख लागते. कोणत्या माणसाने फोन केला हे लागत नाही.

मूळ प्रस्तावाबाबतही एक सांगायचे राहिले होते. करार करताना डेटा पार्केसारख्या खुल्या स्वरूपात राहील, तो पूर्ण बाहेर काढून नेण्याचा खर्च किती येईल, आणि शुल्क साठवणुकीवर आकारले जाईल की क्वेरीवर, या तीन गोष्टी लेखी घ्या. साठवणूक बहुधा स्वस्त असते. दर पाच मिनिटांनी ताजा होणारा आणि कोणीही न पाहणारा डॅशबोर्ड मात्र क्वेरीचे शुल्क वाढवत राहतो. मालसाठ्याचा निर्णय दिवसातून एकदा होत असेल तर आकडेही दिवसातून एकदाच ताजे झाले तरी पुरे, आणि ही अट घातल्यावर पुरवठादार कंपनीला सुधारित अंदाजपत्रक मागावे.